खिडकीतले दिवे

ज्या वर्षी आमच्या घरावर आकाशकंदील लागला नाही, त्याच वर्षी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी रोषणाई पाहिली. गोष्ट २०२३ सालची. त्या श्रावणात आई गेली. आमच्याकडे घरातले माणूस गेले की वर्षभर सण करीत नाहीत. दाराशी पणती लागत नाही, चुलीवर कढई चढत नाही. आळीतल्या बायका फराळाची ताटे झाकून आणून देतात. देणारीलाही अवघडल्यासारखे होते आणि घेणारीलाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे सारी आळी उजळलेली आणि मध्येच आमचे घर तेवढे काळोखात, पडलेल्या दाताच्या जागेसारखे. शाळेला सुट्टी असल्यामुळे वर्गात जाऊन मन रमवावे तर तीही सोय नव्हती.

माझा धाकटा भाऊ फ्रान्समधल्या ल्यों या शहरी औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. आई गेली तेव्हा तो विमानाने धावत आला खरा, पण पोहोचला तिसऱ्या दिवशी. तेरावा आटोपून परत गेला. त्या चुकलेल्या तीन दिवसांविषयी तो कधी बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही. परंतु पूर्वी रविवारी येणारा त्याचा फोन त्यानंतर रोज येऊ लागला, यावरून समजायचे ते मी समजले. घटस्थापनेच्या सुमारास तो म्हणाला, "ताई, डिसेंबरात बिनपगारी रजा टाक आणि इकडे ये. आठ तारखेला इथं दिव्यांचा सण असतो. लांबलांबून माणसं येतात पाहायला."

"अरे, आपलं वर्ष आहे," मी म्हणाले.

"आपण कुठे लावायचेत? नुसते पाहायचे. पाहायला काय हरकत आहे?"

या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पासपोर्ट तयार होता. नातवाचे घर पाहायला जायचे म्हणून आईनेच हट्टाने आम्हा दोघींचे पासपोर्ट काढून ठेवले होते. त्यातला एक कोराच राहिला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली मास्तरीण. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांतले एकही पात्र मुंबईच्या पलीकडे गेलेले नाही. तेव्हा युरोपविषयी अधिकाराने काही सांगावे अशी माझी योग्यता नाही. परंतु इतिहास शिकवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे, आणि ल्योंच्या त्या चार दिवसांत मला एका सणाची अशी काही हकीकत कळली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

युरोपातल्या लोकांना आजकाल एक छंद जडला आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाठीला एक पिशवी लावून निघायचे, दोन रात्री परक्या शहरात काढायच्या आणि रविवारी रात्री घरी परतायचे. विमाने स्वस्त, आगगाड्या वेगवान. पॅरिसहून ल्योंला गाडी दोन तासांत येते. मग ही मंडळी शहरे निवडतात ती सणांवरून. कोणी म्युनिकच्या बिअरच्या जत्रेला जातो. ती मुळात १८१० साली एका राजपुत्राच्या लग्नानिमित्त भरली होती. कोणी स्ट्रासबुर्गच्या नाताळच्या बाजाराला जातो. तो १५७० पासूनचा. कोणी मुखवटे घालून व्हेनिसच्या कार्निव्हलला. त्या कार्निव्हलची तर मोठी मौज आहे. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडवले, त्याबरोबर त्याचीही कळा गेली, आणि पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, १९७९ साली, शहराने त्याला पुन्हा उभे केले. आज तिथे मुखवट्याआड व्हेनिसकर किती आणि पाहुणे किती, हे सांगणे कठीण. माझ्या मनात प्रवासभर हीच शंका होती. पाहुण्यांसाठी मांडलेला सण हा सण असतो की देखावा?

ल्योंचे नाव जुन्या इंग्रजी नकाशांत 'लायन्स' असे लिहिलेले असते. शहराच्या मानचिन्हावरही सिंह आहे. पण नावाचा सिंहाशी काही संबंध नाही. इसवी सनापूर्वी ४३ साली रोमनांनी इथल्या टेकडीवर 'लुग्दुनुम' नावाची वसाहत केली. ते नाव झिजत झिजत ल्यों झाले. शहरातून दोन नद्या वाहतात, रोन आणि सोन. सोन हे नाव ऐकून मला आपल्या शोणाची आठवण झाली. आपल्याकडे शोण हा नद, म्हणजे पुरुष. तिथे उलट आहे. रोन पुरुष आणि सोन स्त्री. अठराव्या शतकात कूस्तू बंधूंनी दोघांच्या मूर्ती तशाच घडवल्या आहेत. सोन संथ, रोन अवखळ. या दोघांच्या काठी दोन टेकड्या. एकीचे नाव फुर्विएर, तिच्यावर देऊळ. दुसरीचे क्रुआ-रूस, तिच्यावर रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. ल्योंचे लोक पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी टेकडी. माझा भाऊ कामाच्या टेकडीवर राहतो. घराचे छत हात वर करूनही सोडाच, खुर्चीवर उभे राहूनही हाती लागत नाही. कारण ती घरे माणसांच्या मापाने नव्हे, जॅकार्डच्या उंच मागांच्या मापाने बांधलेली आहेत. त्याच जॅकार्डची जात आज येवल्याच्या मागांवरही बसलेली आहे, हे सांगितले तेव्हा माझा नऊ वर्षांचा भाचा फार खूष झाला. त्याला येवला ठाऊक नव्हते, पण जॅकार्ड त्याच्या शाळेच्या पुस्तकात होता.

आता त्या दिव्यांची हकीकत.

तिची मुळे प्लेगात आहेत. १६२८ साली ल्योंमध्ये प्लेगने हाहाकार उडवला होता. १६४३ साली रोग पुन्हा जवळ येऊन ठेपला, तेव्हा नगराच्या कारभाऱ्यांनी नवस केला, की मारी माता, एवढा वेळ शहर वाचव. आम्ही दरवर्षी ८ सप्टेंबरला पायी फुर्विएरवर येऊ आणि सात पौंड पांढऱ्या मेणाच्या मेणबत्त्या आणि एक सोन्याचे नाणे वाहू. कारभाऱ्यांचाच नवस तो, त्यात मापही नीट लिहिलेले. शहर वाचले. ८ सप्टेंबरचा तो रिवाज आजतागायत चालू आहे. आमच्या आजोळी पटकीच्या साथीत मरीआईला बोललेला नवस पुरा करायला चौथ्या पिढीतले लोक अजून जातात. त्यामुळे मला यात परके असे काही वाटले नाही.

दोनशे नऊ वर्षे गेली. १८५२ साली फुर्विएरच्या जुन्या देवळाच्या मनोऱ्यावर मारीची सोन्याचा मुलामा दिलेली मोठी मूर्ती बसवायचे ठरले. मूर्तिकार जोसेफ फाबिश. पुढे लूर्दच्या गुहेतली प्रसिद्ध मूर्ती घडवली तोच हा. समारंभाचा दिवस अर्थातच नवसाचा, ८ सप्टेंबर. पण त्या पावसाळ्यात सोन नदीला पूर आला, कामशाळेत पाणी शिरले, आणि मूर्ती वेळेवर तयार होईना. मग दिवस बदलून ८ डिसेंबर केला. तोही मारीचाच सण, परंतु भर हिवाळ्यातला.

तयारी थाटात झाली. फ्रान्समध्ये तेव्हा दिवस मोठे धामधुमीचे होते. सहाच दिवसांपूर्वी, २ डिसेंबरला, लुई नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले होते. ल्योंच्या विणकऱ्यांनी १८३१ आणि १८३४ अशी दोनदा बंडे केली होती आणि दोन्ही वेळा सरकारने फौज घालून ती मोडली होती. अशा शहरात काम करणारी टेकडी आणि प्रार्थना करणारी टेकडी एका रात्री एका गोष्टीसाठी जागणार होत्या. टेकडीवरून आतषबाजी उडायची होती, बँड वाजायचे होते, लोकांनी आपापल्या घरांना रोषणाई करावी अशी विनंतीही झाली होती.

आणि ऐन ८ डिसेंबरच्या सकाळी वादळ झाले. विजा, वारा, मुसळधार पाऊस. कार्यक्रमाची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्यांनी हात टेकले आणि रात्रीची रोषणाई पुढच्या रविवारवर ढकलली.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा क्षण इथे आहे. समारंभ रद्द झाला. संध्याकाळी आभाळ निवळले. आता कोणाचा हुकूम नाही, निमंत्रण नाही. परंतु घरोघर मेणबत्त्या तर आणून ठेवलेल्या. कोणीतरी आपल्या खिडकीच्या ओट्यावर एक लावली. ते पाहून समोरच्याने लावली. पहिली कोणी लावली ते नाव इतिहासाने ठेवलेले नाही, आणि ठेवले नाही तेच बरे. पाहता पाहता सारे शहर खिडक्याखिडक्यांतून उजळले. लोक रस्त्यावर आले, स्तोत्रे गाऊ लागले, मध्यरात्रीपर्यंत घरी परतेनात. टेकडीवर घाईघाईने 'बंगालचे दिवे' पेटवून मूर्ती उजळली गेली. हा शब्द वाचून मी थबकले. युरोपात रंगीत उजेड देणाऱ्या त्या दारूला बंगालचे नाव पडले, कारण तिच्यातला सोरा बंगाल-बिहारकडून जहाजे भरभरून जात असे. आपल्याकडची चंद्रज्योत तिच्याच गोतातली. तेव्हा ल्योंच्या त्या पहिल्या रात्री आपल्या मातीतले चिमूटभर काही जळले असेल, असे मानायला जागा आहे.

पुढच्या वर्षी लोकांनी पुन्हा दिवे लावले. त्याच्या पुढच्या वर्षीही. हळूहळू त्याचा कुळाचार झाला. दिवा ठेवायचा पेलाही ठरून गेला. जाड काचेचा, अंगाला उभ्या चुण्या असलेला, कधी पांढरा, कधी लाल-निळा. आत बसेल अशी आखूड मेणबत्ती. त्या दिव्याला ते 'ल्युमिन्यों' म्हणतात. पेले धुऊन खोक्यात ठेवायचे आणि पुढच्या डिसेंबरात काढायचे. आपण पणत्या माळ्यावर ठेवतो तसे.

मध्यंतरीचा काळ मी भरभर ओलांडते. १८७० च्या जर्मन युद्धात शत्रू ल्योंपर्यंत न यावा म्हणून आणखी एक नवस झाला आणि त्यातून फुर्विएरवर मोठे बासिलिका मंदिर उभे राहिले. १८९६ मध्ये त्याचा अर्पणविधी झाला. चार कोपऱ्यांवर चार मनोरे असल्यामुळे ल्योंकर त्याला 'उलटा पडलेला हत्ती' म्हणतात. आपल्या देवालाही नाव ठेवणारे लोक मला नेहमीच आवडतात. याच शहरात लुमिएर बंधूंनी १८९५ साली आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्र घेतले आणि सिनेमा जन्माला आला. 'लुमिएर' म्हणजे उजेड, आडनावच उजेड! त्यांची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. फुर्विएरच्या बासिलिकेचे वर्ष आणि मुंबईच्या पहिल्या सिनेमाचे वर्ष एकच, हे मी शाळेत मुलांना आता आवर्जून सांगते.

विसाव्या शतकात दुकानदारांनी ८ डिसेंबरला आपल्या काचा सजवायला सुरुवात केली. १९८९ मध्ये नगरपालिकेने पूल, घाट, जुने वाडे रात्री कसे उजळावेत याची मोठी योजना आखली. १९९९ पासून एका रात्रीच्या चार रात्री झाल्या, जगभरचे कलावंत येऊ लागले, आणि घरगुती दिव्यांचा 'दीपोत्सव' झाला. शहराची वस्ती पाच लाखांहून थोडी अधिक. त्या चार रात्रींत येणारी माणसे वीस लाखांच्या आसपास.

गुरुवारी, म्हणजे ७ तारखेला, आम्ही तो पाहायला उतरलो. उतरलो म्हणजे अक्षरशः. क्रुआ-रूसच्या पायऱ्या संपता संपत नाहीत. वाटेत जुन्या घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत. रेशमाचे तागे पावसात भिजू नयेत म्हणून विणकरी त्यांतून ये-जा करीत. खाली पोहोचलो तर रस्त्यांना एकेरी वाट केलेली. इकडून आत, तिकडून बाहेर. मोटारी बंद, पिशव्यांची तपासणी. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभी राहिलेली मी, मला गर्दीचे भय नाही. पण या गर्दीला कमालीची शिस्त होती आणि कमालीची थंडी. माझ्या अंगात भावाचा एक, भावजयीचा एक आणि माझा स्वतःचा एक असे तीन कोट होते.

तेरो नावाच्या चौकात बार्तोल्दीने घडवलेले घोड्यांचे कारंजे आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा मूर्तिकार तो हाच. चौकाच्या साऱ्या भिंतींवर उजेडाची चित्रे धावत होती. खांब वितळत होते, खिडक्यांतून फुले उमलत होती, भिंत ढासळून पुन्हा चिणली जात होती. सोन ओलांडून सें-झां या जुन्या चर्चवरही तोच प्रकार. पाहताना तोंडात बोट जावे असे ते होते, यात संशय नाही. हजारो माणसे हातातले फोन उंच धरून उभी होती. माझ्यापुढे स्पेनमधले एक जोडपे होते, मागे इटलीची कॉलेजची पोरे. रविवारी सारी पांगणार होती. माझा भाऊ सांगत होता, की या दिवसांत हॉटेलांचे भाव असे चढतात की काही ल्योंकर उलट याच दिवसांत गाव सोडून नातेवाइकांकडे जातात. कोपऱ्याकोपऱ्यावर मसाला घातलेली गरम वाइन विकत होते. मी ती घेतली नाही. पण गुलाबी साखरेत घोळवलेले बदाम घेतले. त्यांना तिथे 'प्रालीन' म्हणतात. पाहते तो काय, आपला संक्रांतीचा काटेरी हलवाच! साखरेला तसाच काटा आलेला. आई एकेक दाणा बोटांनी परतीत हलवा करायची. मी पुडी तशीच पर्समध्ये ठेवली.

खरे सांगायचे तर त्या रात्री मी मनातून कोरडीच परतले. डोळे तृप्त झाले होते. पण चित्र कितीही सुंदर असले तरी ते भिंतीच्या अंगावर पडत होते, भिंतीच्या आतून येत नव्हते. मी भावाला तसे बोलून दाखवले नाही. त्याने एवढ्या हौसेने बोलावले होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, ८ डिसेंबर. फ्रान्समध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते. भाऊ कारखान्यात गेला, भाचा शाळेत. दुपारी शेजारच्या आजीबाईंनी दार वाजवले. ऐंशीच्या पुढच्या असतील. हातात बुटांचे जुने खोके, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पेले. भावजयीने दुभाष्याचे काम केले. आजीबाई म्हणाल्या, दरवर्षी त्या पेले पुसून मेणबत्त्या बसवतात, पण या खेपेला बोटे वळत नाहीत. मदत कराल का? मग आम्ही तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तीस-एक पेले होते. काही त्यांच्या आईच्या वेळचे. काच थोडी मंदावलेली, एकाचा काठ उडालेला. गेल्या वर्षीचे मेण तळाशी राहिले होते, ते गरम पाण्यात सुटे करायचे. पणत्या भिजत घालण्याचे काम मी जन्मभर केलेले. माझे हात आपोआप चालू लागले.

बोलता बोलता मी विचारले, इतके लोक येतात, तुम्ही पाहायला जाता का? आजीबाई हसल्या. गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी २०१५ ची गोष्ट काढली.

त्या वर्षी १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये अतिरेक्यांनी हल्ले केले. एकशे तीस माणसे मारली गेली. कोणी हॉटेलच्या फुटपाथवर जेवत होते, कोणी गाणी ऐकायला गेले होते. थोड्याच दिवसांत ल्योंच्या महापौरांनी आणि प्रशासनाने दीपोत्सव रद्द केल्याचे जाहीर केले. लाखो लोकांचे रक्षण कोण करणार? भिंतींवरची चित्रे रद्द, पाहुण्यांची वर्दळ नाही. लोकांना फक्त एवढेच सांगितले, की ८ डिसेंबरला आपापल्या खिडकीत दिवे लावा, गेलेल्यांसाठी. आजीबाई म्हणाल्या, त्या संध्याकाळी मी खिडकीपाशी उभी होते. समोरच्या सगळ्या घरांत दिवे होते. एरवी कधी न लावणाऱ्यांच्याही. लहानपणी सण जसा असायचा तसा तो मला त्या रात्री पुन्हा दिसला.

२०२० साली महामारीमुळे दीपोत्सव पुन्हा रद्द झाला, आणि पुन्हा खिडक्याच तेवढ्या उजळल्या.

मी हातातला पेला पुसायचे थांबले. १८५२ साली वादळाने समारंभ रद्द केला, २०१५ साली हत्यारांनी, २०२० साली रोगाने. तिन्ही खेपांना वरची सारी शोभा गळून पडली आणि खाली तीच मेणबत्ती निघाली. पण मला थांबवले ते या गोष्टीने नव्हे. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की आपण दिवे लावीत नाही. या लोकांनी मृत्यू झाला म्हणून दिवे लावले. कोणाचे बरोबर, असा प्रश्न मी मनात येऊ दिला नाही. कुळाचारांत बरोबर-चूक नसते. तरी श्रावणापासून माझ्या छातीवर जो एक धोंडा होता तो त्या टेबलाशी जरासा हलला, हे खरे. माझे डोळे भरले असावेत, कारण आजीबाईंनी भावजयीला काहीतरी विचारले आणि तिने हलकेच उत्तर दिले. आजीबाईंनी काही न बोलता एक निळा पेला उचलून माझ्यापुढे सरकवला.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला. पाचच्या पुढे काळोख पडला होता. आजीबाईंच्या खिडकीच्या ओट्यावर आम्ही पेले मांडून आलो होतो आणि भाचा लांब काडीने एकेक पेटवीत होता. समोरच्या घरांतही कुठे कुठे उजेड दिसू लागला. सगळीकडे नव्हे, चार खिडक्यांत एकीत असेल. दूर फुर्विएरवर मोठ्या झगझगीत अक्षरांत 'मेर्सी मारी', म्हणजे 'मारी, तुझे उपकार', असे उमटले होते आणि त्याखाली मनोऱ्यावरची फाबिशची मूर्ती सोन्यासारखी दिसत होती. खालून चौकातल्या गर्दीचा एकसारखा घुमारा येत होता. वीस लाखांतले पुष्कळसे त्या क्षणी तिथे असतील.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो निळा पेला होता. भावाने तो पाहिला. मी सांगितले कोणी दिला ते. का दिला, ते सांगितले नाही.

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तू आईजवळचा दिवा कुठल्या तोंडाने ठेवला होतास?"

"दक्षिणेकडे," मी म्हणाले.

"इथं दक्षिण कुठली, माझ्या लक्षातच येत नाही बघ. सहा वर्षं झाली या घरात." तो खिडकीशी गेला, रोन नदी कुठे वाहते ते पाहू लागला. रोन तिथून दक्षिणेला समुद्राकडे जाते. पण आमची खिडकी पूर्वेकडची, आणि पेल्यातल्या मेणबत्तीला वातीचे तोंड असे नसतेच. ती सरळ वर पाहते.

"राहू दे," मी म्हणाले. "ठेव तसाच."

त्याने काडी ओढली. पहिली वाऱ्याने विझली. दुसरी मी हातांचा आडोसा करून धरली. भाचा शेजारच्या दारातून ओरडत आला, "आत्या, आजीचे एकतीस झाले! तुमचे किती?"

"एक," भाऊ म्हणाला.

मग मी पर्समधली बदामांची पुडी काढली आणि त्यातले चार दाणे पेल्याशेजारी ठेवले.